स्क्रोल सॉवर सलग देवनागरी शब्द कापणे : काने तुटतात, कडा तिरक्या येतात

भुसाच_भुसा

दारावर लावायला 'निवांत' अशी पाटी करायची आहे. सुटी अक्षरं नकोत. शिरोरेषेनं जोडलेला एकसंध शब्द कापून मागच्या फळीवर चिकटवायचा आहे.

मशीन (स्क्रोल सॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्यानं वळणदार काप घेणारी विजेची करवत) १६ इंची, मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोकचं, पाती सोबत आलेली पिनवाली, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेली. लाकूड १२ मिमी सागवान, फळी ४५० × २०० मिमी, लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) आडवी म्हणजे शिरोरेषेला समांतर. शब्दाची लांबी ३४० मिमी आणि अक्षराचा पट्टा सगळीकडे साधारण ६ मिमी.

कापताना किंवा नंतर घासताना काना आणि वेलांटीचा दांडा शिरोरेषेपाशी कटकन तुटतो. कड वरून रेघेवर असते, पण खालून दीड-दोन मिमी सरकलेली निघते. सरळ रेघेतसुद्धा पातं एका बाजूला ओढतं. खालच्या बाजूला कुसळं निघतात. टोकाची अक्षरं कापताना फळी मागच्या आर्मला अडते, पूर्ण फिरत नाही. शिवाय वेलांटीच्या कमानीतल्या जागेत पिनवालं पातं ओवताच येत नाही.

पातं बदलावं, लाकूड बदलावं की दोन्ही?

---

करवतकाठी

काने तुटण्यात पात्याचा दोष नाही, लाकडाच्या रेषेचा आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे प्रत्येकाची रेषा उभी ठेवता येते. आपल्याकडे शिरोरेषा आडवी आणि तिच्याखाली लोंबणारे दांडे उभे. रेषा आडवी ठेवली की शिरोरेषा मजबूत होते, पण ६ मिमी रुंदीच्या कान्यात सगळे तंतू आडवे येतात आणि तो बोटानं मोडतो. रेषा उभी ठेवली तर तीच गत शिरोरेषेची. एकाच अखंड फळीतून हे सुटत नाही.

उपाय असा. सागवान ८ मिमीपर्यंत रंधून घ्या, रेषा आडवीच राहू द्या. त्याच्या पाठीला ४ मिमी प्लाय पूर्ण पृष्ठभागावर चिकटवा, प्लायच्या वरच्या थराची रेषा उभी येईल अशी. जाडी पुन्हा १२ मिमीच. रात्रभर दाबून ठेवा आणि मग कापा. आता दांड्याला प्लायचे उभे तंतू धरून ठेवतात. बाजूनं पाहिलं तर मागे ४ मिमीची प्लायची पट्टी दिसते. तिला गडद स्टेन दिला की ती सावलीसारखी वाटते, खटकत नाही.

सागवान तेलकट असतं. चिकटवण्याआधी ती बाजू थिनरच्या फडक्यानं पुसा, सुकू द्या आणि लगेच गोंद लावा. पाटी बाहेर राहणार असेल तर साधा फेविकॉल नको, मरीन घ्या. प्लायही आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) मार्क असलेलाच घ्या.

६ मिमी सागवानाच्या दोन फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवायचा मोह काहींना होतो. करू नका. पावसाळ्यात उभ्या रेषेची फळी ३४० मिमीच्या लांबीत फुगते, दुसरी फुगत नाही, आणि शिरोरेषा धनुष्य होते.

पट्टा ६ मिमी फारच नाजूक आहे. १२ मिमी जाडीला किमान ९-१० मिमी ठेवा. कान्याचा शिरोरेषेशी होणारा आतला कोपरा काटकोनात न ठेवता दीड मिमी त्रिज्येनं गोल करा. भेग तिथूनच सुरू होते.

फळी अडण्याचं गणित सोपं आहे. १६ इंच म्हणजे पात्यापासून मागच्या आर्मपर्यंत ४०० मिमी. तुमच्या ४५० × २०० च्या फळीचा कर्ण ४९२ मिमी, ती फिरणारच नाही. कापायच्या आधीच ती ३६० × १७० करा. कर्ण ३९८ येतो, म्हणजे कुठल्याही कोपऱ्यापासून गरकन फिरेल.

---

पाचवा_नंबर

लाकडाचं वर आलंच आहे. आता पातं.

पिनवाली पाती अडीच मिमी रुंद असतात आणि पिन आरपार जायला ५-६ मिमीचं भोक लागतं. कमानीत पातं ओवता येत नाही ते त्यामुळेच. बिनपिनी ५ इंची पाती घ्या. बहुतेक १६ इंची मशीनवर अ‍ॅलन स्क्रूचा अ‍ॅडॅप्टर बसतो, बऱ्याचदा तो खोक्यातच असतो. १२ मिमी सागवानाला ५ नंबर रिव्हर्स टूथ, म्हणजे तळाचे काही दात उलट्या दिशेचे असलेलं पातं. हे पातं साधारण १ मिमी रुंद, ०.४ मिमी जाड, इंचाला १२-१३ दात. दीड मिमीच्या भोकातून आरामात जातं आणि जवळजवळ जागच्या जागी वळतं. ६ मिमीच्या आतल्या कामाला ३ नंबर, १८ मिमीच्या पुढे ७ किंवा ९.

सोनाराच्या करवतीची पातीही ५ इंचीच असतात आणि सराफी सामानाच्या दुकानात स्वस्त मिळतात. पितळेच्या पत्र्याला ती उत्तम. लाकडात त्यांच्या दातांमधल्या बारीक फटी भुशानं भरतात, पातं तापतं आणि लाकूड जळतं.

एका बाजूला ओढणं हा ठोकून काढलेल्या पात्यांचा स्वभाव आहे. ठोकताना एका कडेला बारीक कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त चावते. रद्दी तुकड्यावर सरळ रेघ मारा आणि पातं रेघेवर राहील असा तुकडा हळूहळू तिरका करत ढकला. ३ ते ५ अंशांवर ते सरळ चालू लागेल. त्या पाकिटातल्या सगळ्या पात्यांना साधारण तोच कोन. तो हाताला बसला की विसरायला होतं. घासून धार केलेल्या महाग पात्यांत ओढ कमी असते.

तिरकी कड तीन कारणांनी येते. पहिलं म्हणजे टेबल ९० अंशांत नसणं. मशीनवरच्या कोनाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. ४० मिमी जाड ठोकळ्याला २-३ मिमी खोल काप घ्या, मशीन बंद करा, ठोकळा टेबलावरच फिरवून मागच्या बाजूनं पात्याला लावा. पातं त्याच कापात अलगद बसलं तर टेबल बरोबर. दुसरं, ताण कमी. पातं बोटानं छेडलं की तारेसारखं टणकन वाजलं पाहिजे आणि बाजूला दाबल्यावर ३ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. तिसरं कारण सगळ्यात नेहमीचं : पात्यावर बाजूनं दाब. वळणावर रेघ सुटतेय असं दिसलं की हात आपोआप फळी आडवी ढकलतो. पातं वर-खाली क्लॅम्पमध्ये पकडलेलं, मध्ये मोकळं, त्यामुळे ते पोटात वाकतं. वळणावर फळी फिरवायची, ढकलायची नाही. सागवानात सिलिका असते, दात लवकर बोथट होतात आणि मग आपण नकळत जोर लावतो. २०-२५ मिनिटं प्रत्यक्ष कापून झाली की पातं बदला, ते तुटायची वाट पाहू नका.

कुसळांसाठी रिव्हर्स टूथच, पण नीट बसवून. पातं सगळ्यात वर असताना तळाचे २-३ उलटे दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर खालच्या क्लॅम्पमध्ये पात्याचं टोक कमी घाला. जास्तच दिसत असतील तर लाकूड उचललं जाईल. मग खालचं टोक कात्रीनं थोडं छाटून पातं आणखी खाली बसवा. टेबलावर सनमायकाचा तुकडा दुतर्फी टेपनं चिकटवून त्याला पात्यापुरतं भोक पाडलं की लाकडाला अगदी पात्यापर्यंत आधार मिळतो. बारीक तुकडे खाली पडून हरवतही नाहीत.

वेग ८०० ते १००० स्ट्रोक पुरे.

---

अक्षरओळख

नमुना तयार करतानाची एक गोष्ट राहिली. कॉम्प्युटरवर 'निवांत' टाइप करून अक्षरांची नुसती बाह्यरेषा छापली, तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी येते आणि जोडावर उभ्या रेघा दिसतात. कापताना एखादी रेघ खरी समजून शब्दाचे दोन तुकडे होतात. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचं पाथमध्ये रूपांतर करा, अनग्रुप करा, सगळं निवडून युनियन द्या. शिरोरेषा सलग होते.

फाँट जाड-बारीक फरकाचा नको. रोझा वन छापील मथळ्यात देखणा दिसतो, पण त्याच्या बारीक रेघा लाकडात टिकत नाहीत. बालू किंवा मुक्ताचं एक्स्ट्रा बोल्ड वजन घ्या, पट्टा जवळपास सारखा मिळतो. 'न'च्या गाठीत फट असेल तर ती सरळ बुजवून टाका. त्या आकाराला तिथे भोक दिसत नाही, नुसती कटकट होते.

शब्द ३४० मिमी आहे, ए४ पुरणार नाही. ए३ वर १०० टक्क्यांनी छापा आणि छापल्यावर पट्टीनं मोजा. प्रिंटर परस्पर ३-४ टक्के लहान करतो.

फळीवर आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकनं कागद, सगळ्यात वर पारदर्शक पॅकिंग टेप. पॅकिंग टेपमुळे पातं कमी तापतं आणि शेवटी सगळं एका ओढीत निघतं, कागद खरवडत बसावं लागत नाही.

---

भुसाच_भुसा

कर्णाचं गणित करून फळी छाटली. तीन शंका आहेत. अक्षरं कुठून कापायला सुरुवात करावी? आणि फळी फिरवायचीच नसेल तर स्पायरल पातं वापरलं तर? आणि अनुस्वाराचं काय, तो तर हवेतच आहे.

---

दमट_हवा

स्पायरलचा अनुभव वाईट नाही. सगळीकडून दात असल्यामुळे फळी न फिरवता कुठल्याही दिशेला जाता येतं. मोठ्या फळीला तोच मार्ग. फक्त लाकडाच्या रेषेत ते घसरतं, म्हणून वेग थोडा वाढवून हळू सरकवा.

---

पाचवा_नंबर

पोर्ट्रेटसाठी ठीक, अक्षरांसाठी मी सुचवणार नाही. स्पायरलचा काप रुंद असतो, कड खरखरीत येते आणि आतला कोपरा टोकदार येतच नाही. शिरोरेषेची वरची कड ३४० मिमी सरळ हवी. स्पायरलनं ती लाटालाटांची येते आणि मग कानशीनं घासत बसा. फळी ३६० × १७० झाली असेल तर त्याची गरजच उरत नाही.

---

करवतकाठी

क्रम महत्त्वाचा आहे, निम्मे काने त्यावर वाचतात.

आधी आतले काप. 'निवांत'मध्ये ते दोनच आहेत : 'व'चं पोट आणि वेलांटीची कमान व शिरोरेषा यांच्यामधली फट. भोकं रेघेला चिकटून न पाडता टाकाऊ भागात, शक्यतो कोपऱ्याजवळ पाडा. फळीखाली रद्दी लाकूड ठेवून ड्रिल मारा, नाहीतर पाठ फुटते. ड्रिल उभं सरळ हवं, नाहीतर पातं भोकाच्या कडेला घासून आत शिरतं. ('श्रमसाफल्य' नाव ठेवलं असतं तर 'श्र' आणि 'फ'मध्ये घाम फुटला असता, एवढं समाधान माना.)

मग खालच्या कडेकडून वर या : वेलांटीचा दांडा आणि 'न' यामधली जागा, 'न' आणि 'व', 'व' आणि काना, काना आणि 'त'. हे होईपर्यंत शिरोरेषेच्या वरचं सगळं लाकूड जागेवरच असतं, त्यामुळे दांडे रुंद फळीला लटकलेले राहतात. शिरोरेषेची वरची कड आणि कमान सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर उरलेलं सगळं कापताना १० मिमीच्या पट्टीवर अख्खा शब्द थरथरतो.

कोपऱ्यात थेट वळू नका. कोपऱ्यापर्यंत जा, ४-५ मिमी मागे या, टाकाऊ भागातून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूनं त्याच कोपऱ्याला भिडा.

निघालेले टाकाऊ तुकडे फेकू नका. घासताना शब्द पुन्हा त्यांच्यातच बसवला की दांड्यांना चहूबाजूंनी आधार मिळतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरू करून १८० आणि २४० वर थांबा. मास्क हवाच. सागवानाच्या धुळीनं नाकाची आणि त्वचेची आग होते.

अनुस्वार स्क्रोल सॉवर कापू नका. १२ मिमीचं गोल वर्तुळ पात्यानं हुबेहूब येत नाही आणि पाटीवर पहिली नजर तिथेच जाते. ड्रिलला प्लग कटर लावून त्याच सागवानातून १२ मिमीची चकती काढा. गोल दांडीचा काप घेऊ नका, तिथे लाकडाचं आडवं तोंड वर येतं आणि पॉलिश पिऊन ते काळपट पडतं. चकतीच्या खाली तोच ४ मिमी प्लाय लावा, म्हणजे उंची अक्षराइतकी होते. मागच्या फळीवर जागा ठरवायला अक्षरांचा कागदी नमुना आधी फळीवर ठेवून अनुस्वाराच्या मध्यात दाभणानं खूण करा.

---

दमट_हवा

बाहेर लावणार असाल तर मेलामाईन पॉलिश नको, ऊन-पावसात त्याला भेगा जातात. बाहेरच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. पातळ करून तीन हात द्या आणि प्रत्येक हातानंतर ३२० नंबरनं हलकं घासा. प्लायच्या कडांना आणि मागच्या फळीच्या पाठीला एक हात जास्त द्या. पाणी तिथूनच शिरतं. अक्षरं फळीवर चिकटवायची ती जागा मात्र मास्किंग टेपनं कोरडी ठेवा, पीयूवर गोंद धरत नाही.

भिंतीपासून १० मिमी अंतर ठेवणारे स्पेसर लावा, म्हणजे भिंतीची ओल फळीत येत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी घातले तर दुसऱ्या पावसाळ्यात पाटीवरून तांबडे-काळे ओघळ येतात.