शेतातून धंद्यात आलेले आपले नाना, अण्णा, बाबा : आठवणी लिहा

कादवाकाठ
सकाळी आडगाव नाक्यावर एका पिकअपमध्ये विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार दिसली. वास आला आणि नाना आठवले. जळक्या वॉर्निशचा तो वास आमच्या घरात, शर्टांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा असायचा.

नाना म्हणजे माझे वडील, निफाड तालुक्यातले. विहिरीवरचं थोडंसं रान आणि खाणारी तोंडं भरपूर. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा खडी फोडायला गेले, सुकडीवर दिवस काढले. मग पाहुण्यांच्या ओळखीने नाशिकला एका मिस्त्रींच्या हाताखाली रिवायंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम, शिकले. पुढे पंचवटीत स्वतःचं दुकान.

मोटार उघडली की टॉर्च मारून तारेच्या गुंडाळ्या बघायचे. दोन फेजच्या काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजची तशीच तांबूस असली की शेतकऱ्याला विचारायचे, "ऑटोवर टाकून झोपला होता ना रात्री?" म्हणजे लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू झालेली, एक फेज गेलेला आणि ती उरलेल्या दोनांवर घुरघुरत जळालेली. समोरचा खाली बघायचा. नाना पुढे बोलायचे नाहीत. थ्री फेज लाईट रात्रीचीच यायची, आणि रात्रभर विहिरीवर कोण बसणार?

उधारीच्या वहीत परतफेडीची तारीख नसायचीच. नावापुढे 'द्राक्षं' नाहीतर 'कांदा' एवढंच लिहिलेलं. माल निघाला की पैसे. दादा सीए झाला तेव्हा वही बघून म्हणाला, व्याज कुठंय? नाना म्हणाले, "एकदा त्याच्या बागेत जाऊन ये, मग विचार."

काकांची शिक्षणं, आत्यांची लग्नं त्या दुकानावरच झाली. आई म्हणते, मला पहिली भारी साडी धाकट्या दिराच्या लग्नात मिळाली. हे कौतुक की टोमणा, अजून कळलेलं नाही.

तुमच्याकडचे लिहा. मोठे उद्योगपती नकोत, आपल्यातलेच.

सिडकोकर
वॉर्निशचा वास!!! मामांचं दुकान होतं सेम. मोटार सुकवायच्या भट्टीत मामा वांगी भाजायचे. आजी त्या भरताला हात लावायची नाही. आम्ही चाटूनपुसून.

उन्हाळकांदा
अण्णा लासलगावला कांद्याचे व्यापारी, पण मूळ शेतकरीच. लिलावात ट्रॉलीपाशी गेले की आधी कांद्याची मान दाबून बघायचे. मान ओली असली तर तो साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, सडतो आणि शेजारच्यांनाही सडवतो. बाकीचे बोली लावतायत आणि हे शेतकऱ्याला विचारतायत, काढल्यावर पातीत किती दिवस सुकवला? आडते वैतागायचे.
भाव पडला की शेतकऱ्यांच्या शिव्या, चढला की टीव्हीवाल्यांच्या. डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी बघायला अण्णा नव्हते ते बरंच झालं, बीपीच्या गोळ्या पुरल्या नसत्या.

रिकामटेकडी
अण्णा घरी कांदा आणायचे का विकत?

उन्हाळकांदा
चाळीतला निवडून काढलेला खराब माल घरी यायचा. व्यापाऱ्याच्या बायकोच्या नशिबी कापून अर्धा टाकून द्यायचा कांदा.

मखमलाबादी
मी जरा वेगळं लिहितो. बाबांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना, नाशिकच्या अंबडला. द्राक्षांची खोकी. घरची बाग आजोबांच्या आजारपणात विकलेली. 2014 ची गारपीट झाली आणि ऑर्डरी रद्द करायला फोन सुरू झाले. बाबा खोक्यांचा विषयच काढेनात. मणी किती फुटले, वेलींच्या काड्या सोलल्यात का, बेदाण्याला तरी काही निघेल का, हेच. घेतलेले अ‍ॅडव्हान्स सगळ्यांना परत.
सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. असतील. पण त्या महिन्यात कामगारांचे पगार आईच्या पाटल्या मोडून झाले, हे कुणी सांगत नाही. आता कारखाना मी बघतो. मी अ‍ॅडव्हान्स परत देत नाही, पुढच्या सीझनला वळता करतो.

कादवाकाठ
@मखमलाबादी पटलं. आईच्या साडीचं उत्तर बहुतेक मिळालं.

पंचवटीची_सून
बायकांचं कुणीतरी काढलं एकदाचं. सासऱ्यांचं दुकान भांडी बाजाराच्या बाजूला, विळे, खुरपी, द्राक्षछाटणीच्या कात्र्या. सप्टेंबर 2008 चा पूर. गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की माल माळ्यावर चढवायचा, हा घरचा नियम. सासरे नेमके गावी, सोयाबीन काढायला. कितीही धंदा वाढला तरी सोंगणीला स्वतः जाणार म्हणजे जाणारच. तर मी आणि सासूबाईंनी जमेल तेवढं वर चढवलं. उरलेलं चिखलातून काढून एकेक कात्री रॉकेलने पुसली, स्प्रिंगमध्ये गाळ जातो तो काडीने काढावा लागतो. महिनाभर हाताला वास.
गोडी छाटणीला, म्हणजे द्राक्षाच्या फळछाटणीला, गिऱ्हाईक आलं तेव्हा कात्र्या तयार. पेपरात बातमी आली, 'पुरानंतर जिद्दीने उभे राहिलेले व्यापारी'. फोटो सासऱ्यांचा. गॉगल घालून.
कुकर झाला, येते.

सिडकोकर
गॉगल हाहाहा

रिकामटेकडी
भांडी बाजार म्हणजे तिवंध्याची रहाड, रंगपंचमीचा रंगाचा हौद, जवळच की! आमचे आजोबा भयंकर कडक, किराणा दुकानात हसलेले कुणी पाहिले नाहीत. पण रंगपंचमीला धोतर खोचून रहाडीत धप्पा मारायचे. उधारी बुडवलेला कुणी काठावर दिसला की त्याच्याच अंगावर पाणी उडेल अशी उडी.

उन्हाळकांदा
वसुलीची ही पद्धत अण्णांना सांगायला हवी होती.

पंचवटीची_सून
रहाडीच्या रंगात सासऱ्यांचा तो गॉगल गेला. कुणी ढकललं ते माहीत आहे, सांगणार नाही.

मखमलाबादी
सासूबाईंना नमस्कार सांगा.