‘सामाजिक समस्या’चा पेपर आणि आमची वस्ती

ओढ्याकाठचा

माझी भाची एसवायबीएला आहे, समाजशास्त्र घेऊन. घर दांडेकर पुलाजवळ, आंबील ओढ्याच्या काठाला. मीही तिथलाच, आता धायरीत राहतो. गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो तर ही पोटमाळ्यावर बसून मोठ्याने घोकत होती. झोपडपट्टी : अर्थ, कारणे, परिणाम, उपाय. परिणाम काय, तर अस्वच्छता, व्यसनाधीनता, गुन्हेगारीत वाढ, नैतिक मूल्यांचा ऱ्हास. खाली आई भाकऱ्या थापतेय आणि वर लेक पाठ करतेय की आपल्या घरी नैतिक मूल्यांचा ऱ्हास होतो. दहा मार्कांना.

वही मागून घेतली. कारणांत पहिलं कारण ‘खेड्यांतून येणारे स्थलांतरितांचे लोंढे’. आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात जामखेडकडून आले. लोंढा म्हणजे आजोबा, आजी, दोन पोरं आणि एक पत्र्याची ट्रंक.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याचं पाणी घरात छातीपर्यंत आलं होतं. ट्रंक त्यातच गेली. त्या वहीत ओढा कुठेच नाही. पात्र अरुंद कसं झालं, वरच्या अंगाला काय काय बांधलं गेलं, हे परिणामांतही नाही आणि कारणांतही नाही.

तर माझं म्हणणं असं की हा विषय असाच शिकवायचा असेल तर शिकवूच नका. पोरांना स्वतःच्या घराकडे परक्याच्या खिडकीतून बघायला शिकवताय. तिने कॉमर्स घ्यायला हवं होतं, निदान टॅली तरी आलं असतं. बोला. शिव्या चालतील.

हिंजवडी_फेज_दोन

शिव्या नाहीत, एकच प्रश्न. ही पदवी घेऊन नोकरी कुठे लागते? बाकी सगळं नंतर.

तासिका_तत्त्व

दादा, त्या नोट्स देणारा मीच असू शकतो, म्हणून आधी कबुली देतो. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मधे पीएमपीच्या बसमध्ये डबा. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट, झाली, पीएचडी झाली, जागा काही निघाली नाही. पटावर एकशेवीस, समोर पस्तीस. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी एकशेवीसच्या एकशेवीस येतात आणि म्हणतात, सर, मुद्दे सांगा. तुमच्या भाचीची वही म्हणजे ते मुद्दे.

पण ‘शिकवूच नका’ला माझा कडाडून विरोध. डरखाईम नावाच्या फ्रेंच माणसाने १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. माणूस अगदी एकट्याने करतो ती ही गोष्ट. हा म्हणाला, एकेकाच्या मनात डोकावत बसू नका, दर बघा. प्रोटेस्टंटांत जास्त, कॅथलिकांत कमी. एकट्यादुकट्यांत जास्त, मुलाबाळांत राहणाऱ्यांत कमी. म्हणजे माणूस कशाकशाला बांधलेला आहे आणि ती गाठ कुठे सुटली, हेही बघावं लागतं, नुसता स्वभाव बघून भागत नाही. एवढं शिकवून फळा पुसत होतो, तर बीडकडचा एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा, शेवटच्या बाकावरून म्हणाला, “सर, म्हणजे बाप कमजोर नव्हता ना?”

त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. टॅलीच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला असता का, सांगा.

रिपीटर_सदाशिव

सर, भावना पोचल्या, पण जरा व्यवहारावर या. मी यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलंय. दोन पेपर, अडीचशे-अडीचशे मार्क. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाल्यामुळे आमच्या अभ्यासिकेत निम्म्या टेबलांवर हाच विषय दिसतो. का, तर आवाका आटोपशीर, आणि निबंधाला, जीएसला (सामान्य अध्ययनाला) कामाला येतो. कारणे-परिणाम-उपाय या साच्याला नावं ठेवू नका. सात मिनिटांत उत्तर लिहायचं असतं तेव्हा साचाच हात धरतो. उद्या त्या ओढ्याची फाइल ज्याच्या टेबलावर येईल त्याने निदान हे चार मुद्दे तरी वाचलेले असतील!

ओढ्याकाठचा

@रिपीटर : भाऊ, तीच तर भीती आहे. त्याने हे चारच मुद्दे वाचलेले असतील. मग तो वस्तीत येईल तेव्हा त्याला व्यसन दिसेल, अस्वच्छता दिसेल, आणि मार्क पडतील तसा शेरा मारून जाईल.

@सर : तुमच्या त्या मुलाचं वाचून गप्प झालो. पण असा तास वर्षातून एकदा होतो आणि मुद्दे रोज, हे तुम्हीच लिहिलंय.

निवृत्त_कर्वेनगर

धागाकर्ते थोडे हळवे झाले आहेत, असे नम्रपणे नमूद करतो. वस्त्यांमध्ये दारू नाही काय? मी बँकेत चौतीस वर्षे काढली, त्यातली सहा वस्तीलगतच्या शाखेत. पगाराच्या दिवशी दारूपायी काय होते ते काउंटरच्या आतून पाहिले आहे. पुस्तकाने ते लिहिले तर पुस्तक खोटे ठरत नाही.

मात्र विषयाची अवनती झाली, हे मान्य. याच पुण्यात डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे होत्या. महर्षी अण्णा कर्व्यांची सून, पण ओळख स्वतःची. १९३९ पासून तिथे. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र त्यांनी खोलीत बसून शिकवले नाही. माणसांची मोजमापे घेत, नातेसंबंधांचे शब्द गोळा करीत गावोगाव हिंडल्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. लोक कुठे गेले, जमीन कसली मिळाली, एका गावाची माणसे कशी पांगली, हे घरोघर विचारून. गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचीच सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली होती. तेव्हा दोष विषयात नाही, बूड हलवायच्या कंटाळ्यात आहे.

एमए_भाग_दोन

काका, पगाराच्या दिवशीची दारू तुम्ही काउंटरच्या आतून पाहिलीत. कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या गच्चीवर होणारी कोणाच्या काउंटरवरून दिसत नाही, म्हणून ती ‘समस्या’त येत नाही आणि ‘पार्टी’त जाते. रागावू नका, पण माझा मुद्दा नेमका इथेच आहे. समस्या कोणाच्या अंगणात आहे हे आधी ठरतं आणि कारणं मग तिथेच शोधली जातात.

यावर सर्वांत तल्लख लेखन मी वाचलंय ते १९१६ सालचं. कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. त्या काळचे सुधारक तीन समस्या वेगवेगळ्या मांडत : सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. प्रत्येकीचे बळी वेगळे, उपाय वेगळे. बाबासाहेब म्हणतात, या तिन्हींचं मूळ एकच. जातीतल्या जातीतच लग्न करायचं ठरवलं की जातीत बायका आणि पुरुषांची संख्या बरोबरीची राखावी लागते. नवरा मेलेली बाई ‘जास्तीची’ ठरते. तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोंडा. बायको मेलेल्या पुरुषाला जाळता येत नाही, मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणा. झाल्या तिन्ही रूढी! बाईचं दुर्दैव, अज्ञान, अंधश्रद्धा यांतलं काहीही न म्हणता.

हे वाचलं तेव्हा मी वसतिगृहाच्या जिन्यात बसले होते, आणि आमच्या घरी आत्याचं लग्न का मोडलं ते मला तिथे कळलं. जास्त सांगत नाही.

म्हणून ओढ्याकाठच्या दादांशी मी निम्मी सहमत. वही टाकून द्या, विषय टाकू नका.

निवृत्त_कर्वेनगर

गच्चीचा टोला स्वीकारला. आमच्याच सोसायटीची गच्ची आहे, आणि मी कमिटीवर आहे. तुमच्या मुद्द्याला जोड देतो : विधवांसाठीचे काम अण्णा कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमापासून सुरू झाले असे आम्ही शाळेत शिकलो. जोतीराव-सावित्रीबाईंनी त्याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला. हे मला साठी उलटल्यावर समजले. आमच्या वहीतही गाळलेल्या जागा होत्याच म्हणायच्या.

हिंजवडी_फेज_दोन

छान चाललंय, पण माझ्या प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली.

पत्रा_काच

मी देते उत्तर. मी समाजशास्त्रात बीए, मग एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. समाजशास्त्र आणि समाजकार्य यांत लोक गल्लत करतात म्हणून सांगते : नुसत्या बीएवर नोकरी मिळत नाही. पुढे एमएसडब्ल्यू, बीएड, स्पर्धा परीक्षा, एखाद्या संस्थेत सर्वेक्षणाचं काम, असं काहीतरी करावं लागतं. माझा पहिला पगार माझ्या भावाच्या स्विगीच्या कमाईहून कमी होता. खोटं कशाला सांगू.

पण ‘कॉलेजात शिकून वस्तीचं काय भलं होतं’ याचं उत्तर पुण्यात कचऱ्याच्या गाडीवर लिहिलेलं आहे. नव्वदच्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे आवारातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाची माणसं कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर फिरत होती. गेली होती शिकवायला. पाहिलं तर बायका उकिरड्यात हात घालून मिसळलेला कचरा चिवडतायत, कुत्री अंगावर येतायत, आणि वर चोर म्हणून पोलिसांची हटकाहटक. तोच माल लोकांनी घरात वेगळा करून दिला तर? तेवढ्या एका प्रश्नावरून काम वळलं. १९९३ ला कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. बायकांना महापालिकेने मानलेली ओळखपत्रं मिळाली. २००८ ला त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला आणि त्या दारोदार कचरा घ्यायला लागल्या. मी तिथे नोकरीला नाही, त्यामुळे ही जाहिरात समजू नका.

गाइडमध्ये कचरावेचक कुठे असतात? ‘असंघटित कामगारांच्या समस्या’, कारण एक, निरक्षरता. आता हीच बाई मोजायला बसा. ती दिवसाला किती किलो उचलते, त्यातलं किती पुन्हा वापरात जातं, ते उचलायला पालिकेला किती खर्च आला असता? मोजलं की तीच बाई ‘समस्या’च्या रकान्यातून उठून ‘काम’च्या रकान्यात बसते. रकाना बदलायला वही लागते हो, दादा. आणि वही धरायला कोणीतरी शिकवावं लागतं.

रिपीटर_सदाशिव

ताई, हे उदाहरण उत्तरात वापरलं तर चालेल ना? साली बरोबर आहेत ना?

पत्रा_काच

वापर. आणि पास झालास की ओला-सुका वेगळा दे. तुमच्या अभ्यासिकेच्या खालची बादली मी पाहिली आहे. चहाचे कप, केसांचे पुंजके आणि उरलेली पोळी एकत्र.

तासिका_तत्त्व

एक अडचण कोणीच काढली नाही म्हणून लिहितो : भाषा. चांगलं वाचायचं ते बहुतेक इंग्रजीत. मराठीत आहे ते भाषांतर असं की वाचून मुलं माझ्याकडे रागाने बघतात. ‘अॅनोमी’ला एका पुस्तकात ‘प्रमाणकशून्यता’. मी वर्गात म्हणतो, गावचे नियम सुटले आणि शहराचे अजून अंगवळणी पडले नाहीत, अशी मधली अवस्था. लगेच समजतं. बहुतेकांनी ती पीजीच्या कॉटवर भोगलेलीच असते. पण पेपरात मात्र ‘प्रमाणकशून्यता’च लिहायला लागते, कारण तपासणारा ती शोधतो. तपासणारा कधीकधी मीच असतो. एका पेपरमागे जे मिळतं त्यात हळवं व्हायला परवडत नाही.

दादा, भाचीला सांगा, अंतर्गत गुणांच्या प्रकल्पाचा विषय स्वतः निवडू द्या म्हणून सरांना म्हण. बहुतेक जण हो म्हणतात. आम्हालाही तेच ते ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ तपासून वीट आलेला असतो.

ओढ्याकाठचा

मी हट्ट सोडला असं समजू नका. वही वाईटच आहे. पण धागा ताईच्या घरी मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला, आणि आता भाचीला स्वतः लिहायचंय. तिचंच खातं.

पोटमाळा

नमस्कार. मी ती भाची. मामाने माझं घोकणं सगळ्यांना सांगितलं त्याबद्दल त्याला बघते नंतर.

मी प्रकल्प महिन्याभरापूर्वीच घेतलाय, मामाला माहीत नव्हतं. सरांनी विषय दिला होता ‘झोपडपट्टीतील जीवन’. मी फक्त एक प्रश्न घेऊन घरोघर गेले : २५ सप्टेंबरला पाणी कुठपर्यंत आलं होतं? सदतीस घरं झाली. कोणी आकडा सांगत नाही. सगळे उठतात, भिंतीपाशी जातात आणि हात लावून दाखवतात. कोणी कमरेला, कोणी हनुवटीला. एका आजीने डोक्यावर हात धरला, मग म्हणाल्या, मी तेव्हा स्टुलावर उभी होते, त्याची उंची धर. मी टेपने मोजते आणि खडूने रेघ मारते. आमच्या शेजारी काकूंनी रेघ पुसली, मुलगी बघायला पाहुणे येणार होते म्हणून. तीही नोंद केलीय.

रेघा एकापुढे एक मांडल्या तर ओढा जिथे वळतो तिथे एकदम वर चढतात. हे मला कोणत्या प्रकरणात टाकावं कळत नाही. कारणांत की परिणामांत? आणि सरांनी शेवटी ‘उपाय’ पाहिजेच म्हटलंय.

एमए_भाग_दोन

दोन्हींत टाकू नकोस. वेगळं प्रकरण कर, नाव ‘रेघा’. काकूंच्या पुसलेल्या रेघेवर एक पान तरी लिही.

निवृत्त_कर्वेनगर

बाळ, वळणापाशी उतार किती आहे तोही मोज. लेव्हल ट्यूब मिळते, गवंड्याकडे असते. मी देतो आणून.

रिपीटर_सदाशिव

उपाय सोडू नकोस पण, मार्क जातात. दोन ओळी तरी लिही.