महोत्सव मुंबईत, मैत्रीण हट्टी आणि परतीचं तिकीट वेटिंग ४१

मांडवीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मी बडोद्याची. बँकेतून निवृत्त, वय एकोणसाठ. मैत्रीण माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, आणि हे ती गेली चाळीस वर्षं मला विसरू देत नाही. १९८६ साली आम्ही दोघी सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो. तेव्हा तास बुडवून सिनेमे पाहायचो. पुढे लग्नं, माझ्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण, तिच्या लेकीची दोन बाळंतपणं. दोघींनी शेजारी बसून सिनेमा पाहिल्याला किती वर्षं झाली, ते मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

म्हणून यंदा ठरवलं, जानेवारीत मुंबईला थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सवाला जायचं. शुक्रवारी रात्री गुजरात मेल पकडायची, शनिवार-रविवार सिनेमे, रविवारी रात्री तीच मेल परत. सोमवारी अकराला तिला शाळेत हजर व्हायचंय, ती अजून लेखनिक म्हणून जाते. राहायचं बोरिवलीला, माझ्या मावसबहिणीकडे.

जायचं तिकीट कन्फर्म आहे, दोघींना लोअर बर्थ. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना लोअरचा कोटा असतो, तेवढंच सुख. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, माझी अठ्ठावन्न पुरी व्हायच्या आतच.

यायचं मात्र थर्ड एसी, वेटिंग ४१. कारण उत्तरायण, म्हणजे संक्रांत. मुंबईतलं अर्धं गुजरात त्याच रविवारी पतंग उडवायला घरी निघालेलं. जन्म बडोद्यात गेला, दर वर्षी आमच्या धाब्यावर (आमच्याकडे गच्चीला धाबं म्हणतात) पंचवीस माणसं उंधियो खायला असतात, आणि तिकीट काढताना उत्तरायण माझ्या डोक्यातच आलं नाही!

रविवारी दुपारच्या कर्णावती एक्स्प्रेसमध्ये जागा आहे. पण मग रविवार गेलाच. ती म्हणते, दुपारी निघायचं तर मी येतच नाही. तिने मागच्या वर्षीच्या वेळापत्रकावरून रंगीत पेनांनी तक्ता केलाय, रोज पाच सिनेमे. मला दिवसाला दोन पुरेत. मध्ये कुठे तरी चहा घेत बसू, बोलू. त्यावर तिचं म्हणणं, "बोलायला बडोदं आहे की!" आता ती राहते गोत्रीला, मी मांडवीत. भेट होते ती कुणाच्या तरी लग्नात, हातात ताट घेऊन.

तर परत कसं यावं? आणि पाच सिनेमे एका दिवसात माणूस खरंच पाहू शकतो का?

फलाट_दोन

ताई, आधी हे सांगा, त्या ४१ च्या मागे अक्षरं कोणती आहेत? जीएनडब्ल्यूएल (जनरल वेटिंग) की पीक्यूडब्ल्यूएल (पूल्ड कोट्याचं वेटिंग)?

मी नऊ वर्षं सोमवार ते शुक्रवार मुंबईत आणि शनिवार-रविवार बडोद्यात काढतोय, म्हणून विचारतो. मधल्या स्टेशनपर्यंतचं तिकीट काढलं की बऱ्याचदा ते पूल्ड कोट्यात, म्हणजे मधल्या स्टेशनांना मिळून असलेल्या कोट्यात जातं, आणि ते वेटिंग गोगलगायीसारखं सरकतं. गाडीच्या शेवटच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट जनरल वेटिंगमध्ये जातं, ते पुष्कळ बरं हलतं. तेव्हा सरळ अहमदाबादपर्यंतचं तिकीट काढा आणि बडोद्याला उतरा. थोडे पैसे जास्त पडतील. आधीच्या स्टेशनवर उतरायला कुणी अडवत नाही. फक्त उठवायलाही कुणी येत नाही! बडोदं पहाटे चारच्या आसपास येतं. डोळा लागला तर आणंदला चहा प्यायचा.

जुनं तिकीट लगेच रद्द करू नका, नवं कसं सरकतं ते बघा. एक पक्कं लक्षात ठेवा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात आणि गाडीत चढता येत नाही. आरएसी, म्हणजे दोघांत मिळून एक बर्थ, झालं तर मात्र बिनधास्त चढा. निदान बूड टेकायला जागा मिळते.

गाडी नेमकी कुठून सुटते तेही तिकिटावर वाचा. गेल्या काही वर्षांत मुंबईतल्या बऱ्याच गाड्यांची सुटायची जागा बदलली आहे. तुम्ही बोरिवलीलाच असाल तर तिथूनच चढा, कटकट नको.

सेवउसळ_तर्री_जादा

काकू, तत्काळचाही विचार ठेवा. रविवारच्या गाडीचं एसी तत्काळ शनिवारी सकाळी दहाला उघडतं. म्हणजे नेमक्या तुम्ही पहिल्या सिनेमात अंधारात बसलेल्या असणार 😄 तेव्हा हे काम बडोद्यातल्या एखाद्या भाच्या-पुतण्याच्या गळ्यात घाला. जुलै २०२५ पासून तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते त्याच्याकडे आहे ना हे आज विचारा, शनिवारी नाही. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी असते, त्यामुळे थोडी आशा आहे. पण तत्काळ कन्फर्म झालं आणि नंतर रद्द केलं तर पैसे गेले.

स्पष्टवक्ता_बडोदा

हल्ली सगळे सिनेमे घरबसल्या मोबाइलवर येतात. एवढा उपद्व्याप कशाला?

मांडवीकरीण

@स्पष्टवक्ता, मैत्रीण मोबाइलवर येत नाही.

@फलाट_दोन, पीक्यूडब्ल्यूएलच आहे हो! चाळीस वर्षं गाडीने फिरतेय, या अक्षरांना काही अर्थ असतो हे आज कळलं. अहमदाबादचं तिकीट काढलं. वेटिंग २३.

जुने_कॅटलॉग

गाडीचं बरंच मार्गी लागलंय, मी सिनेमाचं बोलतो. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या खेळांना मी कॉलेजात असल्यापासून जातोय. मंडळ १९६८ सालचं, मी त्याहून थोडा जुना. थर्ड आय महोत्सव मंडळाच्याच सुधीर नांदगावकरांनी उभा केला, तेव्हापासून एखादाच चुकला असेल.

पाच सिनेमे पाहता येतात. मी पाहिलेत. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय पाहिलंस? मी एक गोष्ट सांगितली. तिच्यात नायक कोरियातला, त्याची आई इराणची आणि घोडा तिसऱ्याच सिनेमातला होता.

तीन हा माणसाचा आकडा आहे. त्यातही जेवणानंतरचा खेळ जपून निवडा. त्या वेळेला भले भले झोपतात. संथ, डोंगरात घडणारा, कमी संवादांचा सिनेमा तिथे ठेवलात तर तिकीट काढून डुलकी घेतल्यासारखं होईल. मारामारी असलेलं काही तरी घ्या. यादी करताना एकच बघा, पुढे थिएटरात किंवा घरी सहज मिळेल ते सोडायचं. बडोद्याला कधीच येणार नाही असं वाटतं तेच पाहायचं. आणि नाही आवडला तर वीस मिनिटांनी उठून निघा, महोत्सवात त्याचा कुणाला राग येत नाही. त्यासाठी कडेची खुर्ची पकडायची. सबटायटल्स खाली असतात, पुढे उंच माणूस बसला की संपलं, म्हणून मधल्या रांगांच्याही जरा वर बसा. लांबचा चष्मा विसरू नका.

तुम्हाला गप्पा हव्यात ना? मग रांगेत अर्धा तास आधी उभ्या राहा. महोत्सवातली सगळ्यात चांगली बडबड रांगेत होते. एकीने जागा धरायची, दुसरीने चहा आणायचा.

आणि बडोद्याच्या आहात म्हणून एक सांगतो. रविवारी सकाळचा एक खेळ सोडा आणि पेडर रोडला गुलशन महालात चित्रपट संग्रहालय आहे, तिथे जा. २०१९ ला सुरू झालं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे.जे. कलाशाळेनंतर तुमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकायला होते. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगात बायको-मूल गेलं, तो बंद केला. मे १९१३ मध्ये गिरगावात कोरोनेशन थिएटरला 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या मागे हा सगळा रस्ता आहे.

मांडवीकरीण

कलाभवनावरून मी वर्षानुवर्षं बँकेत जात होते. तिथे इंजिनिअरिंगची पोरं स्कूटर लावतात एवढंच पाहिलं. फाळके तिथे होते हे कुणी बोललंच नाही, की मीच ऐकलं नाही!

मैत्रिणीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. घोड्याला हसली. तक्त्यातला एक रंग कमी केला, पण चारच्या खाली यायला तयार नाही. संग्रहालयाला तर साफ नाही म्हणाली, त्या वेळेला तिचा इराणचा सिनेमा आहे.

मांडवीकरीण

आलो परत. विचारलं होतं तर सांगायला हवं.

भाच्याला तत्काळ मिळालं नाही. शनिवारी दहा वाजून चार मिनिटांनी त्याचा मेसेज, "मावशी, गेलं." मी पडद्यावर बघतेय, बर्फात एक म्हातारा बोट ओढतोय, आणि माझ्या डोक्यात सोमवार. अहमदाबादचं तिकीट मात्र सरकत राहिलं. रविवारी चार्ट लागला, दोघींचं आरएसी. दोघींत मिळून एक साइड लोअर.

शनिवारी चार सिनेमे पाहिले, म्हणजे मी पाहिले. जेवणानंतरच्या खेळात बाईसाहेब झोपल्या. डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. दिवे लागल्यावर म्हणाल्या, "छान होता, जरा लांबला." रविवारी सकाळी तिचा पाय सुजला होता, रांगेत उभं राहणं जमेना, म्हणून तीच म्हणाली, चल तुझ्या त्या महालात. तिथे जुन्या कॅमेऱ्यांपाशी ती इतका वेळ उभी राहिली की पाय कुठे दुखत होता हे मी विचारलं नाही. @जुने_कॅटलॉग, आभार. दुपारी दोन सिनेमे, दोन्ही जागेपणी.

आता ते आरएसी. साइड लोअरवर दोघी समोरासमोर, बाजूला खिडकी, पाय एकमेकींच्या कुशीत, मध्ये थेपल्यांचा डबा. गाडीचा अख्खा डबा पतंगवाल्यांनी भरलेला, एकाच्या बॅगेतून फिरक्या बाहेर आलेल्या. बोरिवलीला बसलो ते बोलत. विरार, वापी, वलसाड. त्या बोटवाल्या म्हाताऱ्यावरून सुरुवात झाली, तो तिच्या वडिलांवर गेला, तिथून कुठे कुठे. तिची नोकरी गेल्या वर्षी जवळजवळ गेली होती हे मला माहीतच नव्हतं. सुरतेला टीसी आला, म्हणाला, पुढच्या डब्यात एक वरचा बर्थ रिकामा झालाय, एकीने जा. आम्ही दोघी एकदमच "नको" म्हणालो. भरूच गेल्याचं कळलं नाही, नर्मदेचा पूल आवाजावरून कळला.

@फलाट_दोन, आणंदला जावं लागलं नाही. गजरही लागला नाही, कारण झोपलंच नव्हतं कुणी. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दोघींना मिळून आधी गोत्री मग मांडवी असा भाव सांगितला, ती त्याच्याशी वीस रुपयांवरून भांडली. अकराला शाळेत वेळेवर पोचली.

आत्ताच तिने तक्त्याचा फोटो पाठवलाय. पाहिलेल्या सगळ्या सिनेमांपुढे हिरवी खूण. शनिवारच्या दुपारच्या सिनेमापुढेसुद्धा! मी विचारलं, त्यातल्या बाईचं शेवटी काय झालं सांग. तासाभरापासून उत्तर नाही.