लीजनला विचारसरणी नाही, असं कसं म्हणता?

‘फॉलआऊट: न्यू वेगास’ या अणुयुद्धानंतरच्या जगातल्या व्हिडिओ गेममधलं सीझरचं लीजन, म्हणजे त्याची गुलाम बाळगणारी फौज, ही नुसती क्रूर टोळी, तिला विचार वगैरे काही नाही, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सीझर मुळात एडवर्ड सॅलो, ‘फॉलोअर्स’ या ज्ञान जपणाऱ्या आणि लोकांना मदत करणाऱ्या गटातला शिकलेला माणूस. त्याने रोमचा इतिहास वाचून ८६ टोळ्या एकत्र केल्या. त्याचा शत्रू असलेला लोकशाही एनसीआर (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक) सडत चाललाय, दोघांच्या टकरीतून नवं काही घडेल, हे तो जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या भाषेत समजावतो. गुलामगिरीवर उभा असलेला तो विचार मला घृणास्पद वाटतो, पण विचार आहेच. म्हणूनच तो जास्त भयंकर.

आता एनसीआर. त्यांना हूवर धरण हवंय ते वीज आणि पाण्यासाठी, बाकी भाषणं नंतरची. हे मला २०२० च्या निसर्ग वादळानंतर नीट कळलं. दापोलीजवळच्या आमच्या वाडीत कितीतरी दिवस दिवे नव्हते, पंप बंद, बायामाणसं विहिरीवर रांगेत. तेव्हा जनरेटरवाला येईल त्याचं सगळे ऐकत होते, तो कोणत्या पक्षाचा हे कोणीच विचारलं नाही. गेममधल्या गुडस्प्रिंग्ज गावची साधी माणसं अशीच वागतात.

वेगासवर राज्य करणाऱ्या मिस्टर हाऊसकडे तर योजनाच तयार: ५० वर्षांत माणूस अवकाशात. पण वेगासच्या श्रीमंत ‘स्ट्रिप’च्या भिंतीबाहेर, फ्रीसाइडच्या गरीब वस्तीत उपाशी बसलेल्यांना त्या योजनेत जागा कुठे आहे? त्याची बाजू घेणाऱ्यांनी एवढं सांगावं.