तान्ह्या बाळाला वाचून दाखवता का? अनुभव सांगा

लेक साडेचार महिन्यांची. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन मी गोष्ट वाचते. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिला काय डोंबल कळतंय!" खरं सांगायचं तर अधूनमधून मलाही भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. नाशकात कुणी इतक्या लहान बाळांना वाचून दाखवलंय? काय वाचलंत, बाळानं काय केलं, लिहा.

पंचवटी : कळायचं सोडा, ओळखतात! माझी नणंद मानसशास्त्र शिकवते. तिनं अमेरिकेतला १९८६चा एक प्रयोग सांगितला होता. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचली. जन्मल्यावर बाळांना चोखणी दिली. ती कशी चोखतात त्यावर कानात कुठली गोष्ट लागणार ते ठरायचं. बाळांनी पोटात ऐकलेली निवडली. आमच्या चिरंजीवांनी पोटात असताना सासूबाईंची भाजीवाल्याशी घासाघीस ऐकली. अजूनही त्यांचा आवाज चढला की हा शांत.

निफाड तालुका : आमचे आप्पा नातवाला पेपरातले बाजारभाव वाचून दाखवतात. "लासलगाव, उन्हाळ कांदा, किमान... कमाल... सरासरी..." प्रत्येक आकड्याला थांबून त्याच्या तोंडाकडे बघतात. "क्विंटल" आलं की पोरगं खिदळायचं. दहाव्या महिन्यात आप्पा मुद्दाम थांबले, तर स्वतःच "तल!" म्हणाला. "आई" त्यानंतर आलं. बायको आठवडाभर धुसफुसत होती.

इंदिरानगर : माझा बत्तिसाव्या आठवड्यातच झाला. काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. हात लावायची सोय नाही. एक सिस्टर म्हणाली, "बोला त्याच्याशी, बाबा." काय बोलणार? घशात आवंढा. खिशात मेडिकलचं बिल होतं, तेच वाचलं. सिरिंज, कापूस, सलाईन, रकमेसकट. त्यानं डोळा किलकिला केला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाळी बदलली आणि नव्या सिस्टरनं "इथे वाचनबिचन नको" म्हणून बाहेर काढलं. मग कागद न नेता तेच बिल पाठ म्हणायचो, हळू आवाजात. आता चार वर्षांचा आहे. बिल कपाटात आहे.

सिडको : आमच्या बाईसाहेबांनी पुस्तक खाल्लं. खरोखर. हत्तीची सोंड गेली. जाड पुठ्ठ्याचीच घ्या.

नाशिकरोड : वेळ नाही म्हणून मी मोबाईलवर गोष्टी लावून द्यायचे. डॉक्टरांनी कान उपटले. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणाले. तेव्हा राग आला होता. पण वाचायला लागल्यावर फरक दिसला. तिनं "अं?" केलं की मी थांबते, तिच्याकडे बघते, "हो गं, माकडच ते" म्हणते. मोबाईल कुठला थांबतोय!

धागा काढणारी : निफाडकर, तुमचं ऐकून काल तिला कांद्याचे भाव वाचून दाखवले. गाढ झोपली. आज परत वाचले तर भोकाड पसरलं. भाव उतरले होते.