मदत हवी आहे: क्षत्रप म्हणजे राजा की सुभेदार?

नमस्कार मंडळी, क्षत्रप या पदवीबद्दल जाणकारांनी जरा मदत करा. मला आधी वाटायचं की हा आपला क्षत्रियवाला संस्कृत शब्द असणार, पण वाचलं तर तो जुन्या पर्शियनमधून आलेला निघाला, अर्थ राज्याचा रक्षक, आणि इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखात तो चक्क प्रांताच्या गव्हर्नरसाठी वापरलाय, म्हणजे वर सम्राट आणि खाली हे. ग्रीकांनी त्याचंच सत्रप केलं.

इथपर्यंत ठीक आहे. पण मग आपल्याकडचा नहपान (पश्चिम भारतातला शक राज्यकर्ता) बघा ना, नाशिकच्या लेण्यांत राजा आणि क्षत्रप दोन्ही एकत्र लिहिलंय, जुन्नरच्या लेखात तर महाक्षत्रप, आणि नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेली त्याची नाणी (बरीचशी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारून परत चालवलेली, भारी प्रकार आहे तो) त्यांवरही राजा आहेच. स्वतःच्या नावाने नाणी पाडणारा माणूस नोकराची पदवी कशाला मिरवेल? उत्तरेतल्या कुषाण सम्राटांचा मांडलिक म्हणून का नुसती सवय म्हणून?

दुसरं म्हणजे चष्टन या दुसऱ्या शक क्षत्रपाच्या घराण्यात महाक्षत्रप आणि क्षत्रप एकाच वेळी असायचे म्हणे, दोघांची वेगळी नाणी. हे युवराजासारखं होतं का? चष्टनाचा नातू रुद्रदामन जुनागढच्या लेखात म्हणतो महाक्षत्रप हे नाव मी स्वतः मिळवलं, मग ही पदवी वारशाने यायची की पराक्रमाने?

मराठीत यावर नीट लिहिलेलं काही असेल तर प्लीज सुचवा, नाण्यांचा अभ्यास करणारं कोणी असेल तर सोन्याहून पिवळं.