'वंश संपला' की 'वंश संपवला'? टास्मानियाच्या इतिहासाचा शालेय धडा

दक्षिणायन : १८७६ मध्ये त्रुगानिनी ही टास्मानिया बेटावरची मूळ रहिवासी स्त्री वारली आणि तिच्याबरोबर टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा वंश संपला, असे ऑस्ट्रेलियातील शाळांनी अनेक पिढ्यांना शिकवले. हे खोटे आहे. टास्मानियाच्याच मूळ रहिवासी फॅनी कॉक्रन स्मिथ १९०५ पर्यंत हयात होत्या, १८९९ आणि १९०३ मध्ये त्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित झाली, आणि त्यांचे व टास्मानिया आणि ऑस्ट्रेलियाची मुख्यभूमी यांमधल्या बास सामुद्रधुनीतील बेटांवरच्या कुटुंबांचे वंशज आजही आहेत. वंशच संपला म्हटल्यावर जमिनीवर हक्क सांगणार कोण? त्यामुळे मला ही नुसती चूक वाटत नाही, सोय वाटते.

खडूफळा : मी असहमत आहे. १८३० मध्ये ब्रिटिश वसाहतीची, दोन हजारांहून अधिक माणसांची साखळी करून या लोकांना हुसकण्याची मोहीम निघाली, पुढे उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेले, आणि १८४७ मध्ये तेथून परत आणताना फक्त ४७ जण जिवंत होते. 'ते संपले नव्हते' यावरच भर दिला, तर हा संहार मुलांना किरकोळ वाटेल. शिवाय पलावा कानी ही टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आजची भाषा जुन्या शब्दयाद्यांवरून जुळवलेली आहे. तिला प्राचीन म्हणून शिकवणे म्हणजे नवी दंतकथा रचणे होय.

किनारा : सगळा दोष शाळेच्या माथी कशाला? मरणोत्तर आपल्या देहाची विटंबना होईल अशी भीती त्रुगानिनीला होती, तरीही तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९०४ ते १९४७ या काळात लोकांपुढे मांडलेला होता. शिक्षकांनी पुस्तक मिटले असते तरी काचेच्या कपाटाने तोच धडा दिला असता. १९७६ मध्ये, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी, तिचे दहन होऊन रक्षा समुद्रात सोडण्यात आली.

दक्षिणायन : @खडूफळा, संहार शिकवायलाच हवा, परंतु जुन्या धड्यात तो नव्हताच. 'संपला' हे अकर्मक क्रियापद आहे, दिव्यातले तेल संपावे तसे. 'संपवला' म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न वर्गात येतोच. राहिली पलावा कानी, तर अनेक भाषांच्या अवशेषांतून ती उभी केल्याचे ती घडवणारेच सांगतात, त्यामुळे तिला प्राचीन म्हणून खपवण्याचा आरोप त्यांना लागू होत नाही.

खडूफळा : 'संपवला' मान्य. भाषेबाबत मात्र माझे म्हणणे कायम आहे : पाठ्यपुस्तकात तिचा शब्द छापताना तो कोणत्या यादीतून घेतला आणि ती यादी कोणा युरोपीयाने केली, हेही त्याखाली छापावे.